काय दिवे लावलेस!

रात्री 3 वाजून 10 मिनिटांनी आईचा फोन आला. पंचाहत्तरी गाठलेल्या आईबापांचा फोन अशा वेळी आला की मुलाच्या पोटात काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी धडपडत उचलला. पलीकडून आई अगदी शांतपणे म्हणाली, "अरे, घरातले सगळे दिवे लागलेत. आपल्याकडे कुणाचं लग्न आहे का?"

मागून बाबांचा आवाज आला, "त्याला विचार, विझवायचे कसे."

"विझवायचे म्हणू नका हो," आई त्यांच्यावर वळली. "मालवायचे म्हणा."

मी पुण्यात, अंथरुणात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने चष्मा चाचपडतोय. पनवेलला दोनच्या सुमाराला लाईट गेली होती, तीनला आली, आणि मी आठवड्यापूर्वी मोठ्या हौसेने बसवलेले अकरा स्मार्ट बल्ब देवघरापासून मोरीपर्यंत एकदम फुल्ल उजेडाने लागले होते. गेलेली वीज परत आल्यावर काय करायचं, हे या बल्बांना वेगळं शिकवावं लागतं. नाही शिकवलं, तर त्यांना वाटतं, मालकाने बटण दाबलंय, त्याअर्थी त्याला उजेड हवाय. ती सेटिंग ॲपच्या पार आतल्या पानावर असते. मी त्याच्या अलीकडच्या पानावर कंटाळलो होतो.

"भिंतीवरची बटणं बंद करा," मी म्हणालो.

"त्यांना हात लावायचा नाही, असं तूच सांगून गेलास," बाबा म्हणाले. "वर चिकटपट्टी लावून गेलायस."

गेलो होतो खरा. मग बाबा ते वाक्य बोलले, जे मराठी बाप मुलाला आयुष्यात निदान दोनदा ऐकवतो. माझं पहिलं दहावीच्या निकालाला ऐकून झालं होतं.

"काय दिवे लावलेस!"

*

हे सगळं सुरू झालं जिन्यापासून. मे महिन्यात आई हातात दळणाचा डबा घेऊन जिना उतरत होती. दोन्ही हात अडकलेले, म्हणून दिवा लावला नाही, आणि शेवटची पायरी चुकली. पाय मुरगळला, एवढंच. पण त्या क्रेप बँडेजचा फोटो व्हॉट्सॲपवर पाहिल्यावर पुण्यात राहणाऱ्या मुलाला जी अपराधी भावना ग्रासते, ती शेवटी काहीतरी खरेदी केल्याशिवाय शमत नाही. मी एक्सेलची शीट उघडली. तिला नाव दिलं 'पनवेल घर फायनल'. पंधरा दिवसांनी तिचं 'पनवेल घर फायनल 4' झालं होतं.

घर जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्यापासून पायी सात मिनिटांवर. नवीन पनवेल सिडकोने आखलेलं, तिथे सेक्टर असतात. आमच्याकडे आळ्या असतात. आमच्याकडे 'मिडल क्लास सोसायटी' नावाची वसाहतही आहे, चक्क याच नावाची, आणि तिथे राहणाऱ्यांना पत्ता सांगताना जराही अवघडल्यासारखं होत नाही. गावाला नगरपालिका मिळाली 1852 साली आणि तिची महानगरपालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 ला. म्हणजे एका अपग्रेडला 164 वर्षं. अशा गावातल्या 1974 साली बांधलेल्या घराला मी दोन शनिवार-रविवारांत स्मार्ट करायला निघालो होतो.

त्यात आमचे बाबा. त्यांनी तीस वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. रिले, इंटरलॉक, लेव्हल स्विच, कंट्रोल व्हॉल्व्ह, अलार्म, म्हणजे मी ज्याला स्मार्ट होम म्हणतो तेच, फक्त ते बिघडलं तर रसायनी गावाला पळावं लागलं असतं एवढाच फरक. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण 'माहीत असणं' आणि 'त्यांना आधी विचारणं' यांच्यामध्ये, आपण इंजिनिअर झालो की, एक अभेद्य भिंत उभी राहते.

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि अर्धा तास बोललो. झिगबी म्हणजे काय, हे नाव मधमाश्यांच्या नाचावरून कसं आलं, 2022 साली आलेलं मॅटर नावाचं मानक सगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एकमेकांशी कसं बोलायला लावणार आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला.

"आणि नाही चाललं तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बंद पडलं तर कुठल्या स्थितीत बंद पडणार?"

मग त्यांनी मला व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली. कारखान्यातले मोठे व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालतात. हवा गेली की आतली स्प्रिंग त्यांना एका बाजूला ढकलते. ती बाजू कुठली, हे व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी ठरवायचं. थंड पाण्याचा असेल तर हवा गेल्यावर उघडा राहिला पाहिजे, जळणाच्या वायूचा असेल तर बंद झाला पाहिजे. "चालताना कसा चालतो, हे सेल्समन सांगतो," बाबा म्हणाले. "बंद पडताना कसा पडतो, हे आपण विचारायचं."

मला ते फार आवडलं. मी ते वहीत लिहून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी अकरा बल्ब बसवले.

*

स्मार्ट बल्बची गंमत अशी, की त्याला कायम वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो स्मार्टही राहत नाही आणि बल्बही राहत नाही. म्हणून बटण कायम चालू ठेवायचं आणि फोनवरून सांगायचं. आमच्या आईबाबांनी 50 वर्षं खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलेलं आहे. 'खोलीत कोणी नाही आणि दिवा चालू' हे वाक्य आमच्या घरात शिव्यांच्या सदरात मोडतं. त्यावर माझा उपाय म्हणजे चिकटपट्टी.

ही चिकटपट्टी बाबांनी दुसऱ्याच दिवशी काढली होती, अर्थात माझ्या नकळत, आणि फोनवर माझी जिरवायला ती परत लावली. बटण दाबलं, बल्ब लागायला सेकंदभर उशीर झाला, म्हणून त्यांनी जुन्या ट्यूबलाईटच्या सवयीने खटखट पाच-सहा वेळा बटण वरखाली केलं. ट्यूबचा स्टार्टर अडकला की हे करायचं असतं, ही आमच्या पिढीजात ज्ञानातली गोष्ट. पण या बल्बांच्या भाषेत बटणाची अशी खटखट म्हणजे 'सगळं विसर आणि नवा मालक शोध'. बल्ब लगेच सगळं विसरला आणि लुकलुकायला लागला. बंद होईना. आईने मला फोन केला, "मधल्या खोलीतला दिवा डोळे मारतोय."

दिव्यांचं वेळापत्रकही मी बसवलं होतं. सूर्यास्ताला बाहेरचा आणि हॉलमधला दिवा आपोआप लागेल, असं. सूर्यास्ताची वेळ यंत्र स्वतः काढतं, नोव्हेंबरच्या अखेरीला सहा आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे, तुम्हाला काही बघायला नको. आईला हे आवडेल, अशी माझी खात्री होती. दोन दिवसांनी ती म्हणाली, "तुझा तो दिवा माझ्या आधी लागतो."

"बरं मग?"

"देवापुढे निरांजन लावल्याशिवाय घरात दिवा लावत नाही आपण."

मी सूर्यास्तात दहा मिनिटं मिळवली. मग गुरुवारी तिची वात भिजलेली निघाली, तेव्हा पंधरा. सध्या घरातली सर्वांत अचूक यंत्रणा आईच्या गुडघ्यांच्या गतीवर चालते, आणि ते बरोबरच आहे.

बाबांना मात्र खटकली ती एक वेगळीच गोष्ट. सोफ्यावर बसून मी फोनवर बोट टेकवलं की आठ फुटांवरचा दिवा लागायचा. ही आज्ञा कुठून कुठे जाते, असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की ती फोनमधून राउटरला, तिथून कंपनीच्या परदेशातल्या कॉम्प्युटरला, आणि तिथून परत आपल्या राउटरमार्गे बल्बला. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं, बटण ते दिवा असं अंतर बोटाने हवेत मोजलं आणि पेपर उघडला. त्या आठवड्यात गल्लीत कुणीतरी रस्ता खणला आणि नेटची तार तुटली. चार दिवस परदेशातला तो कॉम्प्युटर आमच्या हॉलची वाट पाहत बसला.

*

बोलणारा डबा मी आईसाठी आणला होता. फोनवरच्या गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी कळतं, पण मी स्वस्तात पदरात पाडलेल्या या डब्याला इंग्रजी आणि हिंदीच येत होतं. आईची हिंदी भाजीवाल्यापुरती. ती डब्याजवळ जाऊन, थोडं वाकून, एखाद्या नव्या सुनेशी बोलावं तसं म्हणाली, "हॉल का बत्ती लगाव ना गं बाई."

डब्याने सांगितलं की अशी वस्तू या घरात नाही.

चूक डब्याची नव्हती. ॲपमध्ये खोल्यांची नावं निवडताना यादी येते, त्यात लिव्हिंग रूम, मास्टर बेडरूम, गेस्ट रूम, डेन. डेन म्हणजे काय हे मला अजून माहीत नाही, बहुतेक सिंहाची असते. आमच्या घरात बाहेरची खोली आहे, मधली खोली आहे, आणि आजीची खोली आहे. आजीला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तिथे आता इस्त्रीचं टेबल आणि माझी जुनी सायकल असते, पण ती आजीचीच खोली. मी तिला 'गेस्ट रूम' केलं होतं. बाबांनी एकदा ॲप उघडून पाहिलं आणि म्हणाले, "आईला पाहुणी केलीस."

मी सगळी नावं बदलली. तरीही आईने दोन दिवसांनी त्या डब्याला विचारणं सोडलं. "ती बिचारी काहीतरी गाणं लावत असते," ती म्हणाली. "तिच्या मागे कुठे लागू? उठून लावते मीच."

आईचं स्वतःचं नियंत्रण केंद्र स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. कालनिर्णय. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाबांच्या रक्तदाबाचे आकडे, कामवालीच्या सुट्ट्या आणि, मी गेल्यापासून, वायफायचा पासवर्ड. लाईट गेली तरी दिसतं. चार्ज करावं लागत नाही. 31 डिसेंबरला आपोआप अपडेट होतं, म्हणजे बाबा वाण्याकडून नवीन आणतात.

*

पण खरी फजिती टाकीने केली.

ज्याच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, त्याला तिचं महत्त्व सांगायला नको. मोटर वेळेवर लावायची, वेळेवर बंद करायची. बंद करायला विसरलं तर पाणी गच्चीवरून धबाधबा शेजारच्या काकूंच्या तुळशीत. हे काम आपोआप व्हावं, म्हणून मी टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर लावला. तो खाली पाण्याकडे माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, त्याला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. पाणी पाव टाकीच्या खाली गेलं की मोटर चालू, भरली की बंद. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून पनवेलच्या टाकीची पातळी बघायचो. सांगतो, त्यासारखं सुख नाही.

एका सोमवारी आकडा 100 टक्क्यांवर होता. मंगळवारीही 100. मी मनात म्हटलं, आईबाबा पाणी किती जपून वापरतात.

बुधवारी सकाळी बाबा अंगाला साबण लावून उभे असताना नळ फसफसला आणि बंद झाला.

बाबांनी अंगावर टॉवेल गुंडाळून गच्चीवर जाऊन झाकण उघडलं. टाकीत तळाला चार बोटं पाणी. आणि सेन्सरच्या तोंडाशी, थंडगार जागा बघून, एक पाल चिकटून बसलेली. आवाज सुटायचा, पालीच्या पोटावर आपटून तत्काळ परत यायचा, आणि सेन्सर इमानदारीने सांगायचा, काठोकाठ भरलीय. त्याचं काही चुकलं नव्हतं. मराठी माणूस पाल चुकचुकली की काहीतरी अशुभ आहे म्हणून थांबतो. आमची पाल चुकचुकत नव्हती, ती सगळं छान चाललंय असा रिपोर्ट देत होती. अशा पाली मी ऑफिसातही पाहिल्यात.

खाली आल्यावर बाबा साबण वाळलेल्या अंगाने आईला म्हणाले, "दोन दिवस मोटर लागली नाही, तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. काल दुपारपासून नळाचा आवाज बदलला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याचा मोबाईल भरलीय म्हणत होता ना."

मला हे कळलं ते कॅमेऱ्यामुळे. दाराशी बसवलेला कॅमेरा मला दिवसातून शंभरेक वेळा 'व्यक्ती दिसली' असं कळवतो. ती व्यक्ती म्हणजे बहुधा दोरीवर वाळत घातलेला बाबांचा लेंगा असतो. सुरुवातीला आईने त्या कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकला होता, कुणीतरी टक लावून बघतंय म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की त्याच्यासमोर बोललेलं मला ऐकू येतं. तेव्हापासून ती जाता-येता त्याच्यापुढे उभी राहते. "अरे, आंब्याची पेटी आलीय, कधी येतोस?" किंवा "बाबांनी गोळी घेतली नाही, फोन करून ओरड जरा." त्या बुधवारी तिने कॅमेऱ्यात पाहून फक्त एवढंच सांगितलं, "तुझ्या टाकीत पाल आहे." एवढ्या खटाटोपात आईने मनापासून स्वीकारलेली एकुलती एक वस्तू म्हणजे हा कॅमेरा, आणि चोर पकडणं सोडून ती त्याचा सगळ्यासाठी उपयोग करते.

*

पुढच्या शनिवारी मी एक्स्प्रेसवेच्या घाटातल्या गर्दीत दीड तास काढून पनवेलला पोचलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवलेला होता आणि त्यावर बाबांच्या अक्षरात यादी होती. रसायनी सुटल्यापासून त्यांनी इतक्या टापटिपीने काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने. लाईट गेल्यावर. नेट गेल्यावर. तू गेल्यावर.

"मी कुठे जातोय?"

"पुण्याला," बाबा म्हणाले. "दर रविवारी संध्याकाळी."

तिसऱ्या रकान्यात माझ्या जवळजवळ सगळ्या वस्तू नापास झाल्या होत्या. डिजिटल कुलूप यादीत खोडलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'डुप्लिकेट चावी शेजारी, 1983 पासून.' गॅस गळतीचा सेन्सर पास होता, पण 'जागा चुकीची' असा शेरा. तो मी छताजवळ लावला होता. आमच्याकडे सिलिंडर आहे आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस असता तर तो हलका, मग छताजवळची जागा बरोबर ठरली असती. माझ्या सेन्सरला वास लागेपर्यंत सगळी आळी जमा झाली असती.

यादीत पहिल्या नंबरावर माझ्या शीटमध्ये नसलेलीच एक वस्तू होती, 30 मिलीअँपिअरची ईएलसीबी. विजेची थोडी जरी गळती झाली, कुणाच्या अंगातून जमिनीत उतरायला लागली, की ती सेकंदाचाही वेळ न घेता मेन तोडते. हिला ॲप नसतं. तिच्यावर एक 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. "आधी माणूस जगला पाहिजे," बाबा म्हणाले. "मग त्याने दिव्याचा रंग बदलावा." मी ॲपमधून त्यांना बल्बचा जांभळा रंग दाखवला होता, तो त्यांच्या डोक्यात बसला होता.

टाकीत पितळी दांड्याचा साधा फ्लोट बसला, तरंगत वर आला की खाली स्वयंपाकघरात घंटी वाजते. मोटर बंद करायला आईच जाते. राउटरला आणि कॅमेऱ्याला बारा व्होल्टची छोटी बॅटरी लावली, म्हणजे लाईट गेली तरी तासदोन तास कॅमेरा चालतो आणि आईचं बोलणं तुटत नाही. बल्ब सगळे साधे, 9 वॉटचे. जिन्यात एक दिवा असा, की पायरीवर पाऊल पडलं की स्वतःच लागतो आणि थोड्या वेळाने स्वतःच मालवतो. त्याला नेट नको, फोन नको, नाव नको. म्हणजे ज्या एका कामासाठी मी ही सगळी मोहीम काढली, ते हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या एका दिव्याने झालं. तो बाबांनी आणला, चालत जाऊन, येताना कोथिंबीरही.

आता राहिलंय एकच. त्या जिन्याला 1974 सालापासून टू-वे होता. खाली एक खटका, वर एक खटका, खालून लावा आणि वरून मालवा, किंवा उलट. दोन खटक्यांमधून धावणाऱ्या दोन तारा, बाकी आत काही नाही. मी तिथे स्मार्ट बटण बसवायला वायरमनला बोलावलं, तेव्हा वरच्या बोर्डात न्यूट्रलच नाही, असं तो म्हणाला. म्हणून आम्ही नवी तार ओढली आणि वरचा खटका काढून टाकला. तो काळा, गोल, बेकेलाइटचा खटका वायरमनच्या पिशवीतून कुठल्या भंगारात गेला कोण जाणे. बाबा त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त वरच्या बोर्डातल्या त्या गोल भोकावर त्यांनी पुठ्ठा कापून लावला आहे, आणि जिना चढून गेले की त्यांचा हात अजून तिथे जातो.

जुन्या पनवेलमधली चार दुकानं पालथी घातली, मिळाला नाही. सगळीकडे चौकोनी आणि पांढरे. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, जुन्या घराच्या पाडकामात, आजोबांच्या स्क्रूच्या डब्यात असा टू-वे खटका पडला असेल तर जरूर कळवा. काळाच हवा. चालू आहे की नाही ते तुम्ही बघू नका, बाबा बघतील.